बिनधोक फुगे

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या रविवारच्या बाजारात एक फुगेवाला बसायचा. लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून तो तिथल्या तिथे हायड्रोजन बनवायचा. तोंडात पेटती बिडी! मी तारापूरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. सुट्टीच्या दिवशीही गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

"अहो, मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, माझं ऐका, हा गॅस भडकतो! टाकी फुटली तर पोरं भाजतील. हेलियम वापरा, तो पेटत नाही."

"तो कुठं मिलतो, सायेब?"

मला कुठे माहीत होतं? "मुंबईत," मी ठोकून दिलं.

त्यानं शांतपणे बिडी विझवून कानामागे खोचली. जग वाचवल्याच्या आनंदात मी लेकीच्या हट्टाखातर एक फुगा घेतला. दोरा त्यानं तिच्या फ्रॉकच्या बटणाला हळुवार बांधला.

पुढच्या रविवारी तो दुरूनच ओरडताना ऐकू आला, "या, या! बिनधोक फुगे! कारकान्यातले सेफ्टीचे सायेब पन हितनंच नेतात. नाय पटत तर इचारा, ते बगा आले!"

बिडी पुन्हा पेटलेली होती. सगळी गर्दी माझ्याकडे वळली. "नाही, नाही!" म्हणत मी हात वर केला.

हातात लेकीचा गेल्या रविवारचा सुरकुतलेला फुगा होता; नवा हवा म्हणून तिनंच मला तिथे ओढत आणलं होतं.