पेणचे सगळे वाचले

चहा आधी घेऊन टाका, कारण हे ऐकल्यावर माझ्या हातचा घ्यावासा वाटेल की नाही, सांगता येत नाही. चुका काय, सगळेच करतात. पण भर कोरोनात, लोकांचं भलं करायला बसलेलो असताना, मी एका बोटानं पेणच्या मेलेल्यांना जिवंत केलं आणि रोह्याच्या जिवंतांना मारलं. असं कुणी केलेलं तुम्ही ऐकलंय का?

पेणला माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. दुसऱ्या लाटेत तो बंदच होता. मी रिकाम्या खुर्च्या पुसत बसायचो. तेव्हा आमचे डॉक्टर सामंत आणि रोह्याच्या डॉक्टर शेख मॅडम या दोघांनी ठरवलं की दोन्ही दवाखान्यांतल्या पेशंटच्या नोंदी एकत्र करायच्या. कुणाला काय दिलं, ऑक्सिजन कधी लावला, पुढे काय झालं. एकेकट्याला काही उमगत नव्हतं. एकत्र पाहिलं तर निदान कशाचा उपयोग होतोय आणि कशाचा नाही एवढं तरी कळेल, असं सामंतांचं म्हणणं. हे काम त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ.

नावं काढून टाकायची होती, लोकांची खासगी गोष्ट म्हणून. राहिलं ते वय, गाव, तापाच्या कितव्या दिवशी आले, औषधं, ऑक्सिजन आणि शेवटच्या रकान्यात ‘घरी गेले’ किंवा ‘मृत्यू’. वर पेणचे पेशंट, खाली रोह्याचे. सगळं भरून झालं आणि मी पडद्याकडे बघत राहिलो. चार ओळी झाल्या की मृत्यू, तीन ओळी झाल्या की मृत्यू. बघवेना हो. म्हटलं, निदान घरी गेलेले सगळे वर घेऊ, उघडल्या उघडल्या डॉक्टरांना जरा बरं वाटेल. तो एक रकाना निवडला, बटण दाबलं, आणि झालं. ‘घरी गेले’ सगळे वर, ‘मृत्यू’ सगळे खाली.

आता मी मुलांना पहिल्याच आठवड्यात काय शिकवतो? की बाबांनो, क्रम लावताना आख्खा तक्ता निवडा. एकच रकाना हलवलात तर बाकीची ओळ जागच्या जागी राहते आणि एकाचं दुसऱ्याच्या माथी जातं. हे मी शिकवतो. पैसे घेऊन शिकवतो.

थोडक्यात, पेणचे सगळे वाचले. दोन्हीकडचे मृत्यू खाली घसरून रोह्याच्या वाट्याला गेले. मी तक्ता दोघांना पाठवला आणि समाधानानं झोपलो.

सामंतांना तो उघडायला सवडच नव्हती. शेख मॅडमनी उघडला. तुम्ही म्हणाल, त्यांना त्यांचे स्वतःचे पेशंट माहीत नव्हते? होते. पण जे हाताबाहेर गेले त्यांना त्यांनी पुढे पनवेलला पाठवलं होतं, आणि त्यांचं काय झालं ते त्यांना कधी कळलंच नव्हतं; तो रकाना मीच पनवेलला फोन करून भरला होता. त्यांना वाटलं, त्यातलं कुणीच परत आलं नाही. त्यांनी मला फोन केला. आवाज अगदी खाली गेलेला.

“सर, पेणला काय वेगळं करतायत? गोळ्या त्याच, इंजेक्शन तेच. मग माझेच का जातायत?”

मी मदत म्हणून तक्ता पुन्हा पाहिला. फरक एकच होता. सामंत प्रत्येकाला खोकल्याचं एक जांभळं औषध द्यायचे. मी तसं सांगितलं. मॅडमना पटलं नाही. पण त्यांच्या औषधवाल्यानं ऐकलं आणि मग काय विचारता. रोहा, कोलाड, खांब, जिकडे तिकडे पेणचं जांभळं औषध. दुकानात बाटली मिळेना. आणि त्याच्या जोडीला दुसरी बातमी, रोह्याला गेलेला माणूस परत येत नाही.

रोह्याजवळ, खांबला माझी आत्या राहते. तिला ताप आला, धाप लागली. आतेभावानं मला फोन केला की रोह्याला नेऊ काय, बेड हाय. आणि मी, ज्याच्याकडे आख्खी माहिती होती असा मी, त्याला म्हणालो, रोह्याला नको, मी पेणला बेड बघतो, तोवर जांभळं औषध चालू ठेव.

पेणला बेड मिळेना. आत्या बाटली उशाशी घेऊन पडून राहिली. शेजारणी सांगायला आल्या, गो, रोह्याला जा. तर म्हणे, “माझ्या भाच्यानं कांप्युटरात बघितलंय. मी नाय जायची.”

इकडे सामंतांनी एकदाचा तक्ता उघडला आणि मला बोलावून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. गाव जोहे.

“हा गणपतीच्या मूर्ती रंगवायचा. नखांत सोनेरी रंग होता, ऑक्सिजन मोजायला मी स्वतः त्याचं बोट पुसलं. हा घरी गेला? याच्या बायकोला मी काय सांगितलं ते मला माहीत आहे.”

तिथूनच आतेभावाला फोन लावला, म्हटलं, आत्ताच्या आत्ता रोह्याला ने. तो म्हणाला, “पण तूच बोललास ना?” त्याला समजावता समजावता मी रडलो. मग शेख मॅडमना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे माझ्याकडचे सगळे गेले नाहीत ना?”

आत्या वाचली. रोह्यालाच, मॅडमच्याच हातून. पण अजून जिना चढताना मध्ये बसते. आणि जांभळ्या बाटलीच्या भरवशावर आणखी किती जण घरी थांबले? त्याचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.

तक्ता दुरुस्त झाल्यावर मात्र एक खरी गोष्ट दिसली. जे उशिरा आले, तेच जास्त गेले. म्हणून मॅडमनी नवा रकाना वाढवला, उशीर का झाला. दवाखान्याच्या वहीतले नंबर घेऊन एकेका घरी विचारून तो भरायचं काम पुन्हा माझ्याकडे. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. भरता भरता खांबची ओळ आली. मी हळूच ‘गैरसमज’ असं लिहिलं.

नावं नव्हतीच, त्यामुळे ही माझी आत्या आहे याची मॅडमना काही कल्पना नव्हती. त्यांनी फोनवर विचारलं, कुणाचा गैरसमज? मी म्हटलं, भाच्याचा. त्यानं चुकीचा सल्ला दिला.

“मग तसं लिहा. आणि भाचा अडाणी आहे की शिकलेला, तेही लिहा. पुढच्या वेळी कुणाला समजवायचं ते कळायला हवं.”

मी लिहिलं, ‘कॉम्प्युटर शिकवतो.’