अडतीस टक्क्यांचे पेढे

नाशिकच्या द्वारका चौकात हैदराबादची बस लागली, तरी अण्णा माझी बॅग सोडेनात. क्लीनर ओरडला, "काका, बॅग जाणारे की तुम्ही?" आई हसली आणि हसताहसताच रडली. माझ्या हातात बुंदीच्या लाडवांचा डबा होता, आदल्या दिवशीच्या पंगतीतला. सायखेड्याच्या आमच्या गल्लीला त्या पंगतीची गोष्ट पाठ आहे. माझ्यासारखं घर सोडून शिकायला निघालेल्यांसाठी ती पुन्हा सांगते.

दहावीपर्यंत मी गावच्या शाळेत हुशार होते. अकरावी सायन्सला रोज एसटीने नाशिकला जाऊ लागले आणि पहिल्याच तासाला सगळं इंग्रजी डोक्यावरून गेलं. वर्षाच्या शेवटी अडतीस टक्के. अण्णांनी एवढंच विचारलं, "पास हाय ना?" मी मान हलवली. थोड्या वेळाने बघते तर ते गल्लीत पेढे वाटत होते! आमच्या घरात अकरावी कुणी पाहिलीच नव्हती. पास म्हणजे पास.

शेजारच्या नामदेवकाकांनी पेढा तोंडात टाकला आणि मग टक्के विचारले. "अडतीसचे पेढे? आन् पोरगी मोठ्या कॉलेजात गेली तर गल्लीला जेवण घालशील काय?"

"घालीन ना. पहिल्या पंगतीला तुलाच बसवीन."

सगळे हसले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शब्द अण्णांनी दिला होता, पण तो पाळायचा होता मला.

फिजिक्सच्या सरांनी सांगितलं, आधी मराठीत समजून घे, मग इंग्रजीत सोडव. मी नववीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. झेंडूच्या तोडणीला निघाले की आई दटावायची, "फुलं आम्ही तोडू. तू बस." बारावी चांगली गेली. प्रवेश परीक्षा पहिल्या वर्षी हुकली, दुसऱ्या वर्षी निघाली. देशभरातून मोजकीच मुलं घेणाऱ्या हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं!

जेवणाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी नामदेवकाका हजर. "पहिली पंगत कुठंय?" पोटभर जेवले आणि मग कमरेला उपरणं बांधून शेवटच्या पंगतीपर्यंत त्यांनीच वाढलं.

आता इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. होस्टेलच्या मेसमधल्या सांबारची सवय झालीय, स्वप्नंसुद्धा कधीकधी हिंदीत पडतात. गेल्या सेमिस्टरला निकाल लागला तेव्हा शेजारच्या खोलीतली लावण्या दार लावून बसली. तीही खेड्यातली, फर्स्ट इयरची. मी दार वाजवलं.

"पास हुई ना?"

"बस, पास," ती मुसमुसली.

मी खाली जाऊन दूधपेढे आणले आणि कॉरिडॉरभर वाटायला लागले. लावण्या आधी खजील झाली, मग हसली. शेवटी माझ्या हातातला डबा घेऊन तिनेच पुढचं दार वाजवलं. त्या क्षणी मला हैदराबाद परकं वाटलं नाही. आमची गल्ली तिथवर आली होती.

फोनवर अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लय बेस केलं. तिला सांग, इंजिनिअर झाली की जेवणाला आम्हाला बोलव. नामदेवला घेऊन येतो."