नदीपलीकडचे बारा

युक्रेनच्या सीमेवरच्या त्या खेड्यात बहुतेक सगळे हंगेरियन बोलतात. ती भाषा शिकायला म्हणून मी इलोना नेनींकडे राहिले होते. नेनी म्हणजे मावशी. पहिल्या दिवशी माझ्या फोनमध्ये एक वाजायला आला तरी त्या जेवायला वाढेनात. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते.

"नेनी, तुमचं घड्याळ तासभर मागे आहे," मी म्हणाले.

"मागे कुठलं? बरोबर आहे. सरकारची वेळ कचेरीत. घरात नि चर्चमध्ये नदीपलीकडची."

नदीपलीकडे हंगेरी. नेनींच्या आईच्या लहानपणी दोन्ही काठ एकाच देशात होते. नंतर सीमा सरकत राहिली. कचेरीवरचे झेंडे बदलले, नोटा बदलल्या, शाळेतली पुस्तकंही बदलली. नेनींची धाकटी बहीण, एर्झी, लग्न होऊन पलीकडे गेली. आता भेट व्हायची म्हणजे कागदपत्रं, रांगा आणि दुखरे गुडघे.

माणसं काय काय मुकाट्याने बदलू देतात, याचं मला नवल वाटत होतं. पण भूक कुणाच्या सोबतीनं लागावी, एवढं नेनींनी स्वतःच्या हातात ठेवलं होतं.

बारा वाजले. आमच्या चर्चची घंटा झाली. नेनींनी सूप वाढलं, तरी चमचा उचलला नाही. थोड्या वेळानं पलीकडून दुसरी घंटा आली, अगदी बारीक.

"बसली आता एर्झी जेवायला. घाईघाईत जीभ भाजून घेते नेहमी," नेनी म्हणाल्या.

आणि त्यांनी चमच्यावर दोनदा फुंकर घातली.