मिशी बाकी आहे

चांदूर रेल्वेतला आमचा पेंटर म्हणजे लय मोठा कलाकार! आमच्या जोडप्याचं चित्र त्यानं तीन वर्षं रंगवलं. कधी लाईट गेली, कधी रंग सुकला, मग हातच थरथरायले लागला.

"काका, घाई करू नका," हे त्याचं पालुपद.

बायको म्हणायची, "मी मेल्यावरच चित्र देईल हा!"

तसंच झालं. तिच्या तेरवीले चित्र घेऊन आला. तिचा चेहरा नाकातल्या खड्यासकट पुरा होता. सोताचा हात काठीले बांधून त्यानं तो चेहरा रंगवला म्हणे. त्याच्या मनगटावर दोरीचा वळ दिसत होता. माझ्या मिशीची जागा मात्र कोरी.

"हे काहून सोडलं बे?"

"त्याच्यासाठी तुमाले रोज दुकानात येऊन बसा लागन, काका."

लबाड माणूस! महिना झाला, रोज बसून राहिलो. मिशी काही उगवून नाही राहिली, अन् मलेही घाई नाही.