स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरची केबल

ती केस आठवली की आजही मला बरं वाटतं. पोलिसाच्या नोकरीत असं फार वेळा होत नाही.

विलेपार्ल्याच्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. सोबतीला नोकरी करणारा पुतण्या. एका दुपारी काकू देवळात गेल्या आणि कपाटातल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या. जिन्यातल्या कॅमेऱ्याची केबल कापलेली, त्यामुळे चित्रण नाही. तिच्या जोडीने जाणारी काकूंच्या फोनची तारही त्यात तुटली. परदेशातली लेक त्यांच्याशी रोज त्याच फोनवर बोलायची.

टीप पुतण्यानेच दिली. "साहेब, कॅमेरे त्या वायरमनने लावलेत. केबल कुठून जाते ते दुसऱ्या कोणाला ठाऊक?"

वायरमन त्या दुपारी शेजारच्या विंगमध्ये इंटरनेट जोडत होता. आम्ही त्याला सगळ्या सोसायटीदेखत जीपमध्ये घातला. गॅलऱ्या भरल्या होत्या.

पोरगा घाटकोपरचा. अंधेरीच्या एका कंपनीत नेटवर्कच्या कामावर कायम होणार होता आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच टेबलावर होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. चौकशीत एकच पालुपद, "आईशप्पथ साहेब, मी नाही." असं सगळेच म्हणतात. शेवटी पंचनाम्यातले कापलेल्या केबलचे फोटो त्याच्यापुढे टाकले. ते बघून गडी रडायचा थांबला आणि भडकलाच.

"कोण गाढव आहे हा? भिंतीतून बाहेर येते तिथेच, पार मुळाशी कापलीय. नवीन टोक बसवायला काही उरलंच नाही ना! वर मी जादा केबल गुंडाळून ठेवलीय, तिथे कापली असती तर लगेच जोडली असती. आता भिंतीतली सगळी नव्याने ओढा!"

चोर रडतो, शपथा घेतो, पाया पडतो. पण वाया गेलेल्या केबलसाठी जीव तुटणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता.

मग इतक्या अडचणीच्या जागी कापली कोणी? केबल काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरून जात होती. तिथे गेलो आणि खिडकीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढला. वरच्या गुंडाळीपर्यंत हात जाईना. पोचला तो नेमका कापलेल्या जागी. म्हणजे काम घरातूनच झालं होतं.

पुतण्याला ठाण्यात बोलावून चहा पाजला आणि म्हटलं, "जिन्यातून परका कोणी आलाच नाही, हे कॅमेऱ्यात दिसलं असतं. म्हणून कापलीस ना रे?" त्याने मान खाली घातली. बांगड्या त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये मिळाल्या.

वायरमनला सांगितलं, "सुटलास बाबा. पडताळणीवर आजच सही करतो." तो हलेना.

"साहेब, काकूंचा फोन बंद आहे, तो जोडायला जायचंय. पण गेटातून आत घेतील का मला?"

त्याचं खरं होतं. मी जीप काढायला लावली, त्याला पुढे माझ्या शेजारी बसवला आणि गेटवर सेक्रेटरीला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा निर्दोष आहे. चोर दुसरा निघाला." संध्याकाळी लेकीचा फोन वाजला तेव्हा काकूंनी रिसीव्हर आधी त्याच्याच हातात दिला.

निर्दोष माणसाला ठाण्याच्या दारातून सोडलं की आमच्या कागदावर काम संपतं. पण त्याला चोर ठरवलेलं असतं ते जिथून उचलला त्या गेटवर. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अशा प्रत्येकाला मी स्वतः गेटापर्यंत पोचवायला गेलो, तेही भर दिवसा.