टॉवेलाखालची करंगळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर सांगितलं असतं का?

दुष्काळाच्या सालांत मी लासूरच्या बाजारात जनावरांची दलाली करायचो. चारा संपला की लोक बैल घेऊन यायचे, मी भाव पाडायचो. त्याच कमाईतून शहराबाहेर पैठण रोडला जागा घेतल्या. शहर वाढलं, मीही वाढलो. मग विद्यापीठातल्या उद्योजकता विभागानं बोलावलं — पोरांना सौदा शिकवा म्हणाले. ओळख करून देताना विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "शिक्षण नसताना हे इथवर आले." ते 'नसताना' मला अजून सलतं. पण राग होता त्यांच्यावर, आणि मोडलं ते — थांबा, सांगतो.

मी हाताचा सौदा दाखवायला घेतला. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, खाली बोटं धरून भाव सांगायचा, तोंडातून आकडा काढायचा नाही. टॉवेलाखाली जे होतं ते बाहेर बोलायचं नाही, हा बाजाराचा धर्म. समोर सोपान आला. मेंढरं राखणाऱ्या घरातला, घोंगड्यांचा धंदा काढायचा म्हणून इथं शिकायला आलेला. हा सौदा तो बापाकडून शिकला होता, हे मला कुठं ठाऊक?

मी भाव पाडला, त्यानं चढवला. पुन्हा पाडला, तर त्यानं माझी बोटं झटकली आणि वर्गाकडं बघून म्हणाला, "काका, दमानं घ्या की. घाम फुटला व्हय तुमाला?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

टॉवेलाखालीच मी त्याची करंगळी धरली आणि उलटी वाकवली. थांबता आलं असतं — नाही थांबलो. हाड मोडलेलं माझ्या मुठीत कळलं. तरीही सोडली नाही, आणखी पिळली. सोपान पांढराफटक पडला. मी हसत म्हणालो, "झाला सौदा!" टाळ्या पडल्या.

तो का ओरडला नाही? त्यानं बाजाराचा धर्म पाळला. मी त्याच धर्माआड लपलो.

त्यानंतर तो विभागात आलाच नाही. मॅडमनी फोन केला — तुम्हाला काही बोलला होता का? मी म्हणालो, "अशी पोरं टिकत नसतात, मॅडम. नाव काढून टाका."

त्यांनी काढलं. पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलावलं. मी गेलो.