टायपिंग हिचं

“हिच्या घरी जाळी विणतात. त्यामुळे बोटं झकास चालतात. टायपिंग हिचं, डोकं आमचं.”

सर माइकवर बोलले आणि हॉल हसला. पहिल्या रांगेतले पाहुणे प्राध्यापक हसले. मागं माझे विद्यार्थी बसले होते. तेही हसले.

सोलापुरातलं कॉलेज. गणित नीट कसं लिहावं, कम्प्युटरवर कसं मांडावं, याची कार्यशाळा. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवत होते. तयारी सगळी माझी. “सत्र तूच घ्यायचं,” असं विभागप्रमुख सरांनीच सांगितलं होतं. सकाळी म्हणाले, “तू कम्प्युटरवर बस. मी बोलतो.” मी बसले. त्यांना नाही कसं म्हणायचं?

मला घडवलं ह्याच माणसानं. एमएस्सीला असताना माझी सिद्धता म्हणजे ‘बरोबर’च्या (=) चिन्हांची नुसती उतरंड. सर म्हणाले, “मोठ्यानं वाच.” वाचताच येईना. “जे वाचता येत नाही, ते तू लिहिलेलंच नाहीस.” मग ‘समजा’ कुठं, ‘म्हणून’ कुठं, सगळं शिकवलं. माझं ‘न्हाय’सुद्धा त्यांनीच ‘नाही’ करून घेतलं. उजनीकाठी वडील मासे धरतात, आई जाळी विणते, हे कॉलेजात मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. विश्वासानं. तेच त्यांनी माइकवर काढलं.

जाळं विणायला डोकं लागत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा विणून बघावं.

हसणं थांबलं. सर म्हणाले, “हं, पुढचं समीकरण घे.”

मी हात मांडीवर ठेवले.

“अगं, घे ना.”

उभी राहिले. तोंडातून गावचीच भाषा आली. “न्हाय सर. टायपिंग करायला न्हाय आले मी. हे सत्र माजं हाय.”

आता कुणी हसलं नाही. सरांनी माइक दिला नाही. मी सगळ्यांच्या देखत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. “पाहुण्यांसमोर माझी शोभा केलीस. माफी माग, पुढच्या सेमिस्टरचे तास तुलाच देतो.”

आणि माझी शोभा? ती त्यांच्या ध्यानातही नव्हती. मला रडू आलं. ह्या माणसाला मी बापाच्या जागी मानलं होतं. माफी मागितली नाही. तास गेले.

आई फोनवर म्हणाली, “एवढं शिकवलं त्येंनी. गप बसायचं की गं.”

गप बसूनच तर इथवर आले होते.

आता सोलापुरातच सात रस्ता चौकाजवळ एका खोलीत वर्ग घेते. जेऊरची एक मुलगी येते, त्या दिवशी हसलेल्यांपैकीच. मान खाली घालून म्हणाली, “मॅडम, सगळी हसली म्हनून हसले.” तिला मी माफ केलेलं नाही. शिकवते मात्र हातचं काही न राखता. सरांनी दिलेलं एक अक्षरही टाकणार नाही, ते आता माझं आहे. आणि माझ्याकडं शिकलेल्या पोरीला कुणी नुसतं टायपिंगला बसवलं, तर मी स्वतः तिथं जाऊन तिला खुर्चीवरून उठवणार.